उन्हात न मेलेलं

तुटका कंगवा.
कुणीही न पेरलेलं टमाट्याचं रोप.
गच्चीवर वाळणाऱ्या मिरच्या.
गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चकाकी.
नाकाशी धरलेलं ढेकूळ.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मी उमरेड रस्त्यालगतचं एक जुनं वावर, म्हणजे शेत, आहे. नागपूरच्या सांडपाण्याचा गाळ माझ्यात पसरला, तेव्हा संबंध जुळला.

मी काळा खडक झिजून झालेलं. किती काळ लागला, कुणास ठाऊक. माझे मालक मनोहरराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चपला काढूनच आत येत. माझ्यात तूर झाली, मिरची झाली, सांबार म्हणजे कोथिंबीरही झाली. "आपलं वावर कशालेच नाही म्हनत नाही," असं ते पाहुण्यांना सांगत. मला ते कौतुक वाटे.

मनोहरराव गेले. पाठोपाठ गुरं विकली गेली आणि शेणखत संपलं. मग त्यांच्या मुलाने, जितेंद्रने, शहरातून गाळाच्या ट्रॉल्या मागवल्या. त्यात कंगवे होते, पाकिटं होती आणि कुणाच्या तरी पोटातून सुटलेलं टमाट्याचं बी होतं.

"वास मारते ना गा!" त्याची आई रुखमाबाई म्हणाली.

"उन्हाळाभर तपू दे माय. नागपूरच्या उन्हात काय जित्तं राहते? मानूस राहत नाही!"

रुखमाबाई हसली. तिला ते पटलं. इथे मिरच्या, वड्या, गाद्या, सगळं उन्हातच शुद्ध होतं. वैशाख सरताना तिने माझं एक ढेकूळ उचलून हुंगलं. वास गेला होता. वास गेला म्हणजे घाण गेली, असं तिने धरलं.

पालक तळहातापेक्षा मोठा आला. जितेंद्रची बायको काजल हिला दिवस गेले होते. रुखमाबाई पहिली जुडी तिच्यासाठीच खुडायची. पावसाळाभर काजलने माझाच पालक खाल्ला.

मग मुग्धा मॅडम आल्या. त्या कृषी खात्याच्या. त्यांनी माझी माती तपासायला नेली आणि स्वतःच सांगायला परत आल्या.

"उन्हात जंतू मेले, मावशी. पण यात कॅडमियम आहे, शिसं आहे. धातू उन्हात मरत नाही. तो पानांत चढतो. इथे पालेभाजी घेऊ नका."

रुखमाबाई काजलकडे पाहत राहिली. काजलने पोटावर हात ठेवला.

पालक कापणीला आलेला होता. जितेंद्र म्हणाला, "घरी नोको खाऊ. बजारात नेऊ. पालकावर का वावराचं नाव लिवलं राहते?"

"तिथं कोनाच्या घरी काजल नाही काय गा?"

रुखमाबाईने सगळा पालक मुळासकट उपटला. पण टाकणार कुठे? तिने तो माझ्याच कोपऱ्यात रचला. तिथेच तो सडला आणि पुन्हा माझ्यात उतरला.

मित्रांनो, बॅटरीचे सेल, रंग, औषधं नालीत टाकून तुम्ही पाणी ओतता आणि म्हणता, गेलं. कुठे गेलं? मला 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला तरी म्हणता येतं.

काजलचे दिवस भरत आलेत. बाळ कसं असेल, मला ठाऊक नाही. मॅडमनाही ठाऊक नाही.

पहिली ट्रॉली आली, तेव्हा रुखमाबाईने तिच्या चाकाला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता.