रंध्याखालचं नाव

मित्रांनो, ज्याच्यावर बसतो त्याची चौकशी करायची पद्धत नाही, म्हणून माझी हकीकत मीच सांगतो. मी प्रार्थनामंदिरातला एक जुना बाक आहे. रांग तिसरी, भिंतीकडची बाजू.

एक लाकडी पूल मोडीत निघाला, त्याच्या तुळयांमधून सुताराने मला घडवलं. पुलावरून लोक जातात, बाकावर थांबतात. माझी बढती झाली ती एवढीच. मला तुमची तोंडं नीट दिसत नाहीत. बाकाच्या वाट्याला माणसाची दुसरी बाजू येते. पण एकदा बसलेल्या माणसाचं वजन मी विसरत नाही.

आमच्या मंडळीत कुणी बाप्तिस्मा घेतला, की त्याचं नाव बाकाच्या पाठीच्या वरच्या पट्टीवर उमटवायचं, अशी रीत होती. सुतार लोखंडी ठसे घेऊन यायचा. एक ठसा, हातोडीचा एक ठोका, एक अक्षर. दुखायचं. पण त्या दिवसापासून तो माणूस माझा व्हायचा.

माझ्यावर एक बहीणभाऊ बसत. ताई कपडे शिवायची. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. तो टपालकचेरीत पत्रं वेगळी करायचा. आवाज खणखणीत, म्हणून दर रविवारी पवित्र शास्त्र वाचायचं काम त्याच्याकडे; सगळे त्याला वाचकच म्हणत. वाचनाची वेळ झाली की तो उठायचा आणि माझी फळी करकरायची. ती करकर ऐकून मंडळी पुस्तकं उघडायची.

एका रविवारी फळी करकरली, तो पुढे गेला, त्याने पुस्तक उघडलं आणि मिटलं. म्हणाला, "माफ करा. माझा यावर विश्वास बसत नाही. बरेच महिने झाले. नुसता आवाज लावत होतो."

आणि निघून गेला. जाताना दार हळू लावलं, याचाच लोकांना जास्त राग आला.

मित्रांनो, बसणं हा माझा विषय. पण विश्वास कसा बसतो आणि बसलेला कसा उठतो, हे मला कुणी शिकवलेलं नाही. कमिटीला मात्र ते माहीत होतं. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, मिळालेलं तारण, म्हणजे आत्म्याची सुटका, हरवू शकते; माणूस हातातली किल्ली स्वतःच विहिरीत टाकतो. औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले, छे, खरं तारण हरवतच नाही. ज्याचं गेलं त्याच्याकडे ते मुळात नव्हतंच, बाटलीवर लेबल होतं आणि आत पाणी. मुख्याध्यापकांनी विचारलं, मग तुमच्या बाटलीत काय आहे हे तुम्हाला कसं कळतं? औषधवाल्यांनी हात मागे नेऊन स्वतःचं नाव चाचपून पाहिलं.

अशा तीन बैठका झाल्या. शेवटी दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं. त्या नावावर रंधा.

ताईने दोघांनाही एकच विचारलं: माझा भाऊ गेला का? एक म्हणाले, गेला. दुसरे म्हणाले, तो आपला कधी नव्हताच. दोन उत्तरं घेऊन ती घरी गेली. आपण वाढवलेला भाऊ तिला एकातही सापडला नाही.

सुताराने नाव कोरडंच तासलं. पट्टी तिथे जराशी खोलगट झाली, एवढंच.

पुढच्या रविवारी लोक जमले, आणि वाचकाच्या जागेवर वजन आलं.

मी चुकत नाही, मित्रांनो. तेच वजन, थोडं डावीकडे झुकलेलं, कारण तो पायावर पाय टाकून बसायचा. जागेवर कुणी नव्हतं. वाचनाची वेळ झाली, वजन उठलं, माझी फळी करकरली. सवयीने सगळ्यांनी पुस्तकं उघडली. मग माना वळल्या. नवीन वाचणाऱ्याला शब्द सापडेना.

भुतं मेलेल्यांची असतात, असा माझा समज होता. हा माणूस तर तीन गल्ल्या पलीकडे जिवंत होता आणि त्या वेळी गच्चीत कपडे वाळत घालत होता. औषधवाले म्हणाले, लाकूड सुकलं की आवाज करतं. पाळकांनी बिजागरीला तेल घालायला सांगितलं. बाकाला बिजागरी नसते. चौथ्या रविवारपर्यंत माझ्यावर एकटी ताई उरली. बसताना ती शेजारी एका माणसाची जागा सोडायची आणि तिकडे बघायची नाही.

एका शनिवारी दुपारी सुतार माझा पाय ठोकत होता. ताई येऊन उभी राहिली. तिने त्यालाही तेच विचारलं.

"तारणाचं मला कळत नाही, ताई," सुतार म्हणाला. "लाकडाचं कळतं. तुमची इस्त्री घेऊन या. आणि एक ओलं फडकं."

तिने आणली. वायर पुरेना, तेव्हा सुताराने जोडवायर शोधली. तासलेल्या जागेवर फडकं पसरून तिने इस्त्री टेकवली. चर्र झालं, वाफ उठली आणि माझ्या अंगात काहीतरी वर सरकू लागलं. फडकं काढलं तेव्हा तिच्या भावाचं नाव तिथे होतं. आधी खड्ड्यांत होतं; आता उठावदार, हाताच्या शिरेसारखं.

"मी अक्षरं कोरत नाही, ताई. दाबतो," सुतार म्हणाला. "रंधा वरचं नेतो. ठोका खाली राहतो."

ताईने फडकं पसरून पुन्हा इस्त्री टेकवली. इस्त्री बोटभर पुढे सरकली, जिथे कुणाचंच नाव नव्हतं. सुताराने घाईने तिचं मनगट धरलं. तोवर तिथे एक अर्धं अक्षर वर आलं होतं. ते कुणाचं, हे त्याने सांगितलं नाही. मीही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटी माझ्याभोवती उभी राहिली. मुख्याध्यापकांनी पुन्हा रंधा मारायला सांगितलं.

"मारतो," सुतार म्हणाला. "पण आता मारला तर जाईल. मग परत येणार नाही. कुणीतरी एकाने तसं स्पष्ट सांगा."

रंधा पट्टीवर टेकवून तो थांबला. अखेर कमिटीने विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ती बैठक अजून झालेली नाही.

ताईने भावाला नाव बघायला बोलावलं. तो भरदुपारी आला, मंदिर रिकामं असताना. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं, दोनदा.

"तरीही विश्वास बसत नाही, ताई."

"ते कळलंय मला. तू बस."

तो बसला. पायावर पाय टाकून, थोडा डावीकडे झुकून. आणि मित्रांनो, माझ्या फळीवर आधीच असलेलं वजन तसूभरही वाढलं नाही.

आता मी थकलो आहे. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. माझ्यावर चाकूने काही खरवडू नका, पाय आपटू नका. आणि मला पुसाल तेव्हा कोरड्या फडक्याने पुसा. माझी पाठ बऱ्याच ठिकाणी खोलगट आहे. तुम्ही टेकला आहात, तिथेही.