धाकटं इंजिन

“काका, बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच. फरक सगळा इथं आत आहे,” सेल्समन म्हणाला आणि त्याने दुसऱ्या पिकअपचंही बॉनेट वर केलं.

मोतीराम आहेर वाकून बघू लागला. खरं तर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोठ्या इंजिनाची गाडी घ्यायची हे त्याचं कधीचंच ठरलं होतं. तरी त्याने धाकट्या इंजिनाकडेही नजर टाकली. स्थळ बघायला गेल्यावर मुलीच्या धाकट्या बहिणीचीही चौकशी करावी, तशी.

“हे लहान इंजिन डिझेल कमी खातं. क्लच हलका. गावातल्या गावात फिरायला उत्तम. मोठं चढाला दमदार.”

“आमाला घाट हे,” मोतीराम म्हणाला. “राहुडचा.”

चांदवडच्या पलीकडे, राहुड घाटाच्या पायथ्याला त्याचं गाव. मिसरूड फुटल्यापासून तो गावातल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. शेठच्या गाड्या बदलत गेल्या, पण आलेली प्रत्येक गाडी दुसऱ्या कोणीतरी वापरून टाकलेली, दम गेलेली. गोण्या भरून घाट चढायचा म्हणजे पहिल्या गिअरमध्ये रखडत जायचं. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खायचे. अर्ध्या घाटात पाणी उकळलं की बॉनेट उघडून वळणावर उभं राहायचं आणि वर जाणाऱ्यांची तोंडं बघायची. असाच एकदा उभा असताना तो अब्बासला म्हणाला होता, “माझी सोताची गाडी येऊ दे एकदा. भरल्या मालानं तिसऱ्या गिअरात घाट चढून दाखवीन.”

अब्बास त्याचा जुना दोस्त, चांदवडच्या स्टँडवरचा ट्रक ड्रायव्हर. त्याच्या पोटात काही राहत नसे. तेव्हापासून स्टँडवर मोतीरामला सगळे ‘तिसरा गिअर’ म्हणू लागले. मोतीरामला ते आवडायचंच.

दोन हजार चार साली शेठने धंदा आवरला आणि तो नाशिकला मुलाकडे राहायला गेला. जाताना बँकेत मोतीरामसाठी शब्द टाकून गेला. म्हणून आज मोतीराम इथं, नाशिकच्या द्वारका चौकापुढच्या शोरूममध्ये, धुतलेल्या टोपीत उभा होता.

सोबत मीना होती, त्याची एकुलती लेक. तिला येवल्याला दिलं होतं. नवऱ्याने दुसरी बाई आणून घरात ठेवली, तेव्हा ती एका पिशवीनिशी एसटीत बसून माहेरी आली, आणि परत गेली नाही. आल्यावर कितीतरी महिने ती कोणाशी बोलत नव्हती. काय करावं हे मोतीरामला सुचेना. त्याला एकच गोष्ट येत होती. कांदा निघालेल्या मोकळ्या वावरात त्याने तिला शेठच्या गाडीवर बसवलं आणि गाडी शिकवली. पोरीचं मन रमावं, एवढाच हेतू. गाव हसलं. पण स्टिअरिंग हातात आलं की मीना बोलायची, चुकली की हसायची. मग त्याने मालेगावला खेपा घालून तिचं लायसन्सही काढलं.

“चालवून बघता का काका?” सेल्समनने किल्ली पुढे केली. मोठ्या इंजिनाची.

मोतीराम स्टिअरिंगवर बसला, मधे मीना, कडेला सेल्समन. गाडी शोरूमच्या मागच्या रस्त्याला लागली. टाकळीकडून वर येताना एक चढ होता. मोतीरामने गिअर तिसऱ्यावरच ठेवला. गाडीने तक्रार केली नाही. आवाज जरासा जाड झाला, एवढंच, आणि चढ जणू आपणहून खाली सरकत गेला. मोतीरामने मीनाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत लहान पोरासारखं काहीतरी होतं.

“बघितलं?” तो म्हणाला. “बघितलं का?”

“बघितलं, आण्णा,” मीना हसून म्हणाली.

चढ संपला तिथे रस्त्याच्या कडेला पेरूची हातगाडी उभी होती. एक म्हातारी पिशवी उघडून पेरू घेत होती. मोतीरामने वेग कमी करायला पाय ब्रेकवर टेकवला. गाडी थांबण्याऐवजी गुरगुरली आणि एकदम पुढे उसळली. मोतीरामने पाय आणखी दाबला, गाडी आणखी धावली. मीनाने वाकून दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडलं. हातगाडीच्या चाकाला बंपर लागला होता. पेरू रस्त्यावर गडगडले. म्हातारी पिशवी छातीशी धरून तशीच उभी होती.

पेरूवाला तावातावाने धावून आला. सेल्समनने खाली उतरून त्याची समजूत घातली. परत येऊन तो मोतीरामलाच धीर देऊ लागला. “होतं काका. नवीन गाडी, ओढ जास्त आहे. सवय झाली की काही वाटत नाही.”

मोतीराम त्याच्याकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होता. पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता.

शोरूमपर्यंत गाडी सेल्समननेच आणली. मोतीराम आणि मीना समोरच्या टपरीच्या बाकावर जाऊन बसले. चहा आला. तो निवत गेला तरी मोतीरामने पेल्याला हात लावला नाही.

“पाय घसरला का, आण्णा?”

“नाय.”

“मग?”

“मला वाटलं पाय बिरेकवर हे.” तो म्हणाला. “पायाला कळलंच नाय, मीना.”

मीनाला आठवलं. दिवाळीच्या आधी तो चुलीजवळ शेकत बसला होता. आईला जळका वास आला, बघते तर याची टाच निखाऱ्यावर. “ध्यान कुठं हे तुमचं?” म्हणून आई ओरडली होती. त्यानंतर एकदा तो वावरातून एकाच पायात चप्पल घालून घरी आला, दुसरी बांधावर राहिली होती. तेव्हा तर तिघंही हसली होती.

“डॉक्टरला दाखवलं का?”

“दाखवलं. चांदवडला. साखर हे म्हनला. पायाच्या शिरा मेल्यात. गाडी सोडा म्हनला.”

“कधी म्हनला?”

“झालं वरीस.”

“अन् तुम्ही वरीसभर तशीच गाडी हाकली?” मीनाचा आवाज चढला. टपरीवाल्याने वळून बघितलं. तिने आवाज खाली आणला. “आण्णा, ती म्हातारी…”

“जुन्या गाडीत कळायचं,” मोतीराम म्हणाला. “तिचा बिरेक दगडासारखा व्हता. मांडीपासून जोर लावावा लागायचा, म्हून कळायचं. हिच्यात नाय कळत. ही गाडी चांगली हे ना.”

रस्त्यावरून ट्रकमागून ट्रक जात होते. त्याचे डोळे सवयीने प्रत्येक ट्रकबरोबर थोडे पुढे जात आणि परत येत.

“नको घेऊ आपण गाडी,” मीना म्हणाली. “चला घरी. पैशे भरायच्या आत शेठ बँकेला सांगतील.”

“घरी जाऊन काय करू?”

मोतीरामने चहाचा पेला उचलला, एका दमात संपवला आणि खाली ठेवला.

“तू हाकशील?”

“मी?”

“मग दुसरं कोन हे?”

“वावरात हाकायचं येगळं, आण्णा. मार्केटात समदे बाप्येच. अन् ती मोठी गाडी मला नाय आवरायची. तिचा क्लच दाबायला मला पार पुढं सरकावं लागंल.”

“मोठीचं कोन म्हनतंय,” मोतीराम म्हणाला. हे म्हणताना त्याने शोरूमकडे न बघता उलट्या बाजूला मान वळवली. “धाकटीवर बसून बघ.”

धाकट्या इंजिनाच्या गाडीवर मीना बसली, तेव्हा तो शोरूमच्या फाटकापाशीच थांबला. सेल्समनला शेजारी घेऊन ती बाहेर पडली, त्याच रस्त्याने गेली. मोतीराम कान देऊन ऐकत होता. चढावर तिने गिअर खाली घेतला, वेळेवर घेतला. मग आवाज ऐकू येईनासा झाला. परत आली, तेव्हा तिचा पदर खांद्यावरून पडला होता, कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मोतीरामला ती लग्नाआधीची मीना वाटली. खाली उतरून तिने बापाकडे बघितलं मात्र, आणि तिने तो आनंद घाईघाईने आत घेतला, ओटीवर कोणी परकं आल्यावर वाळत घातलेले कपडे गोळा करावेत तसा.

“हलकी हे,” ती एवढंच म्हणाली.

“ही द्या,” मोतीराम सेल्समनला म्हणाला.

सेल्समन गोंधळला. “पण काका, तुमचं तर मोठीचं ठरलं होतं ना? घाट आहे म्हणालात. हप्त्याचा प्रश्न असेल तर मी साहेबांशी बोलून बघतो.”

“नाय, नाय. आमाला धाकटीच पुरंल.”

त्याने मोठ्या गाडीच्या बॉनेटवर एकदा तळहात ठेवला. पत्रा अजून गरम होता. हात काढून तो ऑफिसात सह्या करायला गेला.

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी चांदवडच्या स्टँडवर ते चहाला थांबले. अब्बासने गाडीला एक फेरी मारली, मागे लिहिलेलं मॉडेल वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“अरे मोतीराम, लहान इंजन? एवढी वरसं बोंबललास अन् शेवटी चिमणी घेऊन आला? कुठं गेला तुझा तिसरा गिअर?”

स्टँडवरचे सगळे हसले. मोतीरामही हसला.

“तेल कमी खाती,” तो म्हणाला.

“तेल! अरे, तू काय रॉकेलचा दिवा आनला काय?”

मीना केबिनमध्ये बसून ऐकत होती. गाडी स्टँडबाहेर काढल्यावर तिने विचारलं, “खरं का नाय सांगितलं अब्बासचाचांना?”

“खरं सांगितलं असतं तर गप बसले असते समदे,” मोतीराम म्हणाला. “हसत्यात ते बरं.”

घरी ललिताबाई आरतीचं ताट घेऊन अंगणात उभी होती. नवऱ्याला ओवाळायचं म्हणून ती ड्रायव्हरच्या दाराशी गेली. दार उघडलं आणि मीना खाली उतरली. ललिताबाईने लेकीकडे बघितलं, मग पलीकडच्या दाराला धरून सावकाश उतरणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं. टाच भाजली त्या दिवसापासून रोज ती त्या पायाला पट्टी बांधत होती. तिने मीनाला ओवाळलं, स्टिअरिंगला कुंकू लावलं, नारळ फोडला. मग ताट ओट्यावर ठेवून ती मोतीरामला म्हणाली, “बसा. पाय दाखवा.”

पट्टी सोडताना तिने मान वर केली नाही. मोतीरामच्या पायावर पाण्याचे दोन थेंब पडले ते त्याने बघितले. जाणवले मात्र नाहीत.

पुढच्याच आठवड्यात पहिली खेप लागली. शेजारच्या यादव पवाराचा उन्हाळ कांदा, चांदवडच्या मार्केटला न्यायचा. मोतीरामने स्वतः उभं राहून गोण्या मोजूनमापून कमी भरल्या. यादव कुरकुरला. “मोठी घेतली असती तर एका खेपेत झालं असतं, मोतीरामभाऊ.”

“दोन खेपा करू,” मोतीराम म्हणाला.

घाट सुरू झाला. मीनाने तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेतलं. पहिल्या वळणानंतर इंजिन घरघरू लागलं. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

“चढंल ना, आण्णा?”

“चढंल. पैला टाक. अन् रेटू नको, तिच्या चालीनं चढू दे.”

मागून हॉर्न सुरू झाले. एकेक ट्रक बाजूने पुढे निघू लागला. केबिनमधून माणसं वाकून बघत. बाई गाडी चालवते आहे हे आधी दिसे, शेजारी कोण बसलंय हे नंतर. एकाने ओळखून हाक मारली, “काय मोतीराम, पोरीच्या हातात दिली व्हय?” मोतीरामने खिडकीबाहेर हात काढून त्याला पुढे जायची खूण केली.

मीना रडकुंडीला आली होती. “समदे मागं खोळंबलेत.”

“खोळंबू दे. मी जन्मभर खोळंबवलेत. तू रस्त्याकडं बघ.”

दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो समोर बघत बसला. शेवटच्या वळणावर वारा लागला, इंजिनाचा आवाज सैल झाला आणि गाडी माथ्यावर आली. मीनाने सुटकेचा मोठा श्वास सोडला. तिला वाटलं, आण्णा काहीतरी म्हणतील. बघितलं तर त्याने तोंड खिडकीकडे केलं होतं आणि टोपीने तो चेहरा पुसत होता.

मार्केटात ट्रॅक्टर आणि पिकअपची दाटी झाली होती. आडतीच्या ओट्याला गाडी मागे घेऊन लावायची होती. दोन्ही बाजूंना ट्रॉल्या, मधे जेमतेम गाडी शिरेल एवढी जागा. मीनाने आरशात बघितलं, मग बापाकडे. आजूबाजूचे हमाल, शेतकरी, ड्रायव्हर काम सोडून बघू लागले होते. ओट्याच्या कडेला अब्बास विडी ओढत बसला होता.

मोतीरामने दार उघडलं. दाराला घट्ट धरून, आधी डोळ्यांनी जमीन बघून, त्याने एकेक पाय खाली ठेवला. गाडीला हात लावत लावत तो मागे गेला आणि ट्रॉल्यांच्या मधे उभा राहिला. मग गाडीच्या मागच्या फाळक्यावर मोठ्याने थाप मारून तो ओरडला,

“येऊ दे! येऊ दे… डावीकडं काट… येऊ दे… येऊ दे…”

अब्बासने विडी तोंडातून काढली. तो हसत नव्हता.

“बास!” मोतीराम म्हणाला आणि त्याने पुन्हा थाप दिली. गाडी ओट्याला अलगद टेकली.

जमीन थोडी उतरती होती. मोतीरामने इकडेतिकडे शोधून एक दगड उचलला. बाकीचे लोक दगड टाकून पायाने आत रेटतात. तो मात्र चिखलात गुडघे टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तो दगड चाकाखाली नीट बसवला.