पडणारी टोपी

तीन सरकारं आली आणि गेली. टोपीवालीच्या धाकट्या भावाने तिन्ही वेळा टोपी फिरवली आणि शिष्टाचार खात्यातली खुर्ची टिकवली. तिने शिवलेली टोपी मात्र तीस वर्षांत कुणाच्या डोक्यावरून घसरली नव्हती. दारावरची ‘सरकारी टोपीवाली’ ही पाटी ती रोज स्वतः पुसायची. मिरवायची हौस दांडगी, आणि का नसावी?

सोमवारी भाऊ परराष्ट्रमंत्रीणबाईंना मापासाठी घेऊन आला.

"ताई, गुरुवारी शेजारच्या देशाचे अध्यक्ष येताहेत. बाईंना कमरेत वाकून अभिवादन करायचंय. हनुवटीखाली घट्ट इलॅस्टिक घाल."

"आपली दोन बंदरं गिळली त्याने, आणि वाकायचं आपण?"

"हळू बोल गं!" बाहेर कुणी ऐकलं नाही ना, हे बघायला भाऊ दाराकडे पळाला.

तेवढ्यात बाईंनी आरशातूनच विचारलं, "इलॅस्टिक नसेल तर टोपी पडेल?"

"माझी टोपी पडत नसते."

"तेच तर संकट आहे."

टोपीवालीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टोपी घसरली तर बाईंना न वाकायला निमित्त मिळणार होतं. पण नाव जाणार होतं तिचं, आणि पाटीही.

दोन दिवस ती धुमसली. बुधवारी तिने इलॅस्टिक उसवलं, आतली पट्टी बोटभर सैल केली. इतकं वाईट काम तिने इतकं मन लावून कधीच केलं नव्हतं.

गुरुवारी साऱ्या गल्लीने टीव्हीवर पाहिलं. बाई जेमतेम वाकल्या, तोच टोपी कलली. ती हाताने सावरत त्या ताठ झाल्या आणि हसून म्हणाल्या, "माफ करा, टोपी सैल आहे." अध्यक्षांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. शेवटी त्यांनीच हात पुढे केला.

शुक्रवारी भाऊ पेचकस घेऊन हजर.

"पाटी काढायचा हुकूम आहे. काय करून बसलीस! चूक झाली म्हणून लिहून दे."

तिने लिहून दिलं: ‘काम माझं, चूक माझी.’ सही ठसठशीत केली. पेचकस हिसकावून घेऊन पाटीही तिनेच उतरवली. डोळे भरून आले होते, पण मान खाली गेली नाही.

भाऊ पाटी छातीशी धरून उंबऱ्यातच उभा राहिला.

"ताई, खरं सांग. चूक झाली होती?"

"तीस वर्षांत झालीय कधी?"

तो पाटी भिंतीला टेकवून आरशासमोर बसला.

"माझं माप घे," तो म्हणाला. "आणि इलॅस्टिक नको."