आरशाचं तोंड

एक वर्ष मागे राहिल्यामुळे ती वर्गात सगळ्यांत मोठी होती, म्हणून सगळे तिला ताईच म्हणत. प्रोजेक्टसाठी तिच्या गटात दोघं आली होती. कोड लिहिणारा ढापण्या आणि चित्रं काढणारी चिमणी. तिघांनी कोड्यांचा एक छोटा गेम करायला घेतला. अंधाऱ्या खोलीतले आरसे फिरवायचे, उजेडाची तिरीप दारापर्यंत न्यायची, की दार उघडतं. सांगायला सोपं, पण करताना तिघांच्या नाकी नऊ आले होते.

तारीख तोंडावर आली तेव्हा ताईनं गेम आईला खेळायला दिला. आई दिवसभर दुकानात उभी राहून नुकतीच घरी टेकली होती. पहिलं कोडं तिला जमलं, दुसऱ्यात घोडं अडलं. एकच आरसा ती गोल गोल फिरवत बसली.

"अगं, याचं तोंड कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. दिसत नाही का?"

"नक्षी दिसतेय बाई, तोंड नाही दिसत." आईनं लॅपटॉप परत केला. "छान आहे हो. माझंच डोकं चालत नाहीये आज."

आईच्या डोक्याचा काही दोष नव्हता, हे ताईला कळून चुकलं. चिमणीनं आरशांवर वेली न् पाखरं अशी जीव ओतून काढली होती, की काच कुठली आणि पाठ कुठली तेच उमगेना.

सकाळी लॅबमध्ये हे ऐकून ढापण्यानं कीबोर्डवरच डोकं टेकवलं.

"मी नाही सांगणार तिला. तू मोठी आहेस."

"म्हणून सगळी नकोशी कामं माझ्याच गळ्यात का रे?"

पण सांगितलं तिनंच. चिमणी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत ऐकत राहिली.

"मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "कधीच लक्षात आलं होतं. पण तुम्ही दोघं इतकं कौतुक करत होतात, मग मला बोलवेचना."

ताईला रागसुद्धा आला नाही. रागावायलाही अंगात त्राण लागतं. "बरं," एवढंच म्हणून तिनं खुर्ची ओढली.

चिमणीनं नवे आरसे काढले. एक बाजू पांढरी, एक काळी, बस्स. ढापण्या जुनी चित्रं काढून नवी बसवायला लागला, तर तिरीप भिंतीतून आरपार जायला लागली. त्यानं आधी स्वतःला, मग कंप्युटरला शिव्या घातल्या आणि ते निस्तरलं.

परीक्षा घ्यायला आलेल्या बाईंनी सगळी कोडी न अडखळता सोडवली.

"कोडी छान जमलीत. पण चित्रांवर कोणी मेहनत घेतलेली दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि चित्रांचे मार्क कापले.

"बाई, खरं म्हणजे आधी..." ताईनं तोंड उघडलं. चिमणीनं टेबलाखालून तिची बाही ओढली.

बाहेर येऊन तिघं जिन्याच्या पायरीवर बसली.

"सांगू द्यायचंस की मला!" ताई म्हणाली.

"मग त्यांनी जुनी चित्रं दाखवा म्हटलं असतं. आणि त्यांना तीच आवडली असती. नकोच ते."

ताईनं चिमणीच्या पाठीवर हात ठेवला.

"चला, निघू या," ढापण्या म्हणाला, आणि तोही बसूनच राहिला.