सगळ्यांत लांब हकिकत

वडील गेले त्या आठवड्यात मुलीने त्यांचा कॉम्प्युटर बंद केला. रिकाम्या खोलीत त्याचा पंखा घरघरत राहिलेला तिला सोसवेना, इतकंच कारण.

वडील कारखान्यात जन्म काढलेले फिटर. निवृत्तीनंतर प्रोग्रामिंगचं खूळ डोक्यात शिरलं, आणि आईला विसर पडायला लागला तसं त्या खुळाला काम मिळालं. आई आठवेल ते सांगायची आणि ते दोन बोटांनी टाइप करायचे: एकेका नातेवाइकाचं नाव, वय आणि आईच्या तोंडची त्याची हकिकत. संध्याकाळी फाइल साठवायची, लगेच उघडून तपासायची, मग आईला वाचून दाखवायची. मुलगी प्रोग्रामिंगवरच पोट भरते, पण "एकदा बघू का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तू तुझं ऑफिस सांभाळ." हट्टी माणूस! प्रोग्राम मात्र कधी बंद करायचे नाहीत. चालत्या मशीनला उगाच हात लावू नये, ही कारखान्यातली शिकवण.

आता आई मागे लागली. "लाव की गं ते. वन्संचं ऐकायचंय."

मुलीने फाइल उघडली. आत्याचं नाव बरोबर, वय बरोबर, आणि हकिकतीच्या जागी नुसता कचरा. मग प्रोग्रामच कोलमडला.

तिने वडिलांचा कोड वाचला तेव्हा घोळ कळला. हकिकती लहानमोठ्या, म्हणून त्यांनी त्या मेमरीत वेगळ्या ठेवल्या होत्या. नोंदीत फक्त कुठे ठेवल्या तो पत्ता. फाइलमध्ये तो पत्ताच गेला होता, हकिकत नाही. प्रोग्राम चालू होता तोवर त्या पत्त्यावर हकिकत सापडायची, म्हणून रोजची तपासणी रोज बरोबर यायची. तिने बटण दाबलं आणि मेमरी पुसली गेली. घर पाडलं, हातात घर नंबर राहिला.

आधी तिला रागच आला. ही तर नवशिक्याची चूक. ऑफिसात यावरून तिने कितीजणांची टर उडवली होती. मग रडू फुटलं ते आवरेना.

एक गोष्ट तेवढी फाइलमध्ये शाबूत होती: कोणाची हकिकत किती लांब, तो आकडा. तिने सगळे आकडे पाहिले. सगळ्यांत लांब हकिकत तिची स्वतःची होती. काका, आत्या, मावशी सगळे एकत्र केले तरी तिच्याएवढे भरत नव्हते.

डोळे पुसून ती आईजवळ येऊन बसली. "आई, माझ्याबद्दल बाबांना काय सांगितलं होतंस गं?"

आईचा चेहरा उजळला. "पुष्कळ! यांची बोटं दुखायला लागली, पण मी कुठली थांबतेय!" मग ती कावरीबावरी झाली. "काय बरं सांगितलं होतं मी?"

"असू दे आई."

"असू दे काय? लाव ना ते. त्यात आहे सगळं."