इंजिनाचा घास

बिसरामनं इंजिनाची टाकी उलटी केली. उरलंसुरलं पेट्रोल घमेल्यात उतरलं. मग त्यानं टाकीची नळी सोडवून तोंडाला लावली. फुंकर आतच अडली.

"कायले बंद पडलं, सांगशील का नाई?" नदीच्या दरडीवरून गावचे जमीनदार केशोराव मालगुजार ओरडले. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करी सामानाच्या लिलावातून त्यांनीच हे नावेचं इंजिन आणलं होतं. दवनीवाड्याजवळच्या वैनगंगेच्या घाटावर बापजाद्यांपासून वल्हं मारणाऱ्या बिसरामच्या हवाली केलं, तेव्हा लोक हसले. पण नवसाच्या पोराला जपावं, तसा तो त्याला जपत होता.

आणि त्याच इंजिनानं घात केला. पलीकडच्या तीरावर दिलेली बिसरामची एकुलती एक लेक रुख्मा बाळंतपणात अडली. तिला गोंदियाच्या दवाखान्यात न्यायला तो नावेत घेऊन निघाला. हस्ताच्या पावसानं नदी फुगलेली, आणि ऐन धारेत इंजिन थांबलं. वल्ही मारून हाताची सालटी निघाली, तरी धारेनं नाव खाली ओढत नेली. काठ लागला तेव्हा रुख्मा गेली होती, पोटातल्या जिवासकट.

बिसरामनं नळीत तार घातली. तळहातावर तांदूळ पडले, कुंकवानं लाल झालेले.

दसऱ्याला शामकलानं, त्याच्या बायकोनं, घरातल्या विळ्याकोयत्यांसोबत इंजिनही पुजलं होतं. "जात्याले घालतो तशी यालेबी मूठ घातली जी. उपाशी नाई ठेवलं," असं ती कौतुकानं म्हणाली होती. तांदूळ इंजिनापुढं ठेवले असतील, असं वाटून तो हसला होता. त्या भाबड्या बाईनं ते टाकीच्या तोंडात घातले होते.

ती तिथंच वाळूत बसली होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे झाले होते.

केशोराव दरड उतरू लागले. बिसरामनं तळहात तोंडाशी नेला आणि दाणे गिळून टाकले. घसा जळत गेला.

"मीच साफ केलो नाई, मालक," तो म्हणाला. "कचरा अडकला."

केशोराव अर्ध्या दरडीवरच थांबले. "घाटावर येऊ नोको आता," एवढंच म्हणून ते माघारी वळले.

शामकला उठून जवळ आली. "मले वाटून राहिलं होतं, माह्याच पूजेत काही कमी पडलं."

"नाई वो. तुही पूजा पुरी झाली होती."

तिनं त्याची बाही धरली. मग तिचा आवाज फुटला. "मंग तुमीच मारलं जी माह्या पोरीले!"

"हो," बिसराम म्हणाला, आणि खाली मान घालून नळी पुसू लागला.