कडेची टेप

रंगाऱ्याने बायकोच्या कपाळावर, केसांच्या कडेकडेने कागदी टेप चिकटवली आणि अंगठ्याने दाबून बसवली.

“अहो, मी काय भिंत आहे का?”

“केसांत मध गेला की निघता निघत नाही. गप्प बस.”

वाटीत दही, मध आणि मिक्सरमधून काढलेली ओट्सची पूड होती. ओघळणार नाही इतकी घट्ट होईपर्यंत तो ती ढवळत राहिला. लिंबू त्याने मुद्दाम टाळलं होतं. आजारातून उठलेल्या कातडीला चरचरलं असतं. सकाळीच तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून, लाल होत नाही हेही पाहून ठेवलं होतं. जन्मभर लोकांची घरं रंगवली त्याने, पण कोपऱ्यात लावून पाहिल्याशिवाय भिंतीला हात घातला नाही.

मग त्याने नवा कोरा, मऊ ब्रश घेतला. हनुवटीपासून वर, गालावरून कानाकडे तो असा अलगद फिरवला की तिचे डोळे आपोआप मिटले. काय हात होता त्याचा!

संध्याकाळी लेक येणार होती. तिला परदेशात मनासारखी नोकरी मिळाली होती आणि आजच हो की नाही ते कळवायचं होतं. “आईचा चेहरा बघूनच ठरवीन,” असं तिने बजावलं होतं. डॉक्टरांनी आईला बरं म्हटलं होतं, पण दुखणं चेहऱ्यावरून हटायला तयार नव्हतं.

“माझ्यापायी पोरीने नोकरी सोडली, तर मी मेल्याहून मेल्यासारखी होईन,” ती म्हणाली. “तिला शंकासुद्धा यायला नको.”

“नाही येणार. पहिला हात सुकू दे, मग दुसरा मारतो.”

“चेहऱ्याला कुणी दोन हात मारतं का?”

“एका हातात मी कधी काम उरकलंय?”

दुसरा हात सुकला तेव्हा तिचे गाल ताठ झाले होते. तो समोर बसून म्हणाला, “एवढी गप्प तू लग्नाच्या फोटोतसुद्धा नव्हतीस.”

“हसवू नका हो! तडे जातील!”

आणि गेलाच एक, ओठाच्या कोपऱ्यापासून. त्याने लगेच करंगळीने तो बुजवला.

कोमट पाण्याने तोंड धुऊन ती आरशासमोर उभी राहिली. गालांवर तजेला आला होता. “अगंबाई, ही कोण?” ती म्हणाली. आजारपणात हा माणूस उशापासून हलला नव्हता, आणि आज पुन्हा हे. तिला त्याचं भारी कौतुक वाटलं, डोळे भरून आले.

“रडू नकोस. ताजं काम आहे,” तो म्हणाला.

लेक दारातच थबकली. आईकडे बघत राहिली.

“आई! किती छान दिसतेस गं!”

“आणि तू? गाल बघ कसे चमकतायत. झोप होतेय ना नीट?”

“मस्त. पडले की झोपते.”

आईने तिला जवळ घेतलं, मानेवरून हात फिरवला. कानामागे केसांत काहीतरी खरखरलं. तिने हळूच ओढून काढलं. कागदी टेपचा तुकडा होता, कडेला ओट्सची सुकलेली कणी.

सकाळी नवरा फोनवर कुणाला तरी सांगत होता, “आधी कडेने टेप लावून घे, मग हात मार.” तिला वाटलं होतं, हाताखालचा कुणी कारागीर असेल. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो छतात भेग शोधत होता.

“आई, खरं सांग,” लेक म्हणाली. “बरी आहेस ना?”

आईने तळहात उघडला. “तुझ्याइतकीच.”

लेकीचा हात कानामागे गेला. मग ती मटकन खुर्चीत बसली. “झोपच येत नाही गं. सारखा तुझा विचार. तसं तोंड घेऊन आले असते तर तूच मला पाठवलं नसतंस.”

“आणि माझं बघून तू गेली नसतीस.” आई तिच्या शेजारी बसली. “दुखणं गेलंय, शपथ. थकवा आहे, तोही जाईल.”

दोघींनी एकदमच रंगाऱ्याकडे पाहिलं.

“मला काय बघता?” तो म्हणाला. “ज्याने त्याने आपापलं काम सांगितलं, मी केलं.”

लेक हसली, मग डोळे पुसत म्हणाली, “काय कळवू, आई?”

“हो म्हणून कळव. पण फोनवर तोंड असेल तसं दाखवायचं. मीही दाखवीन.”